खंडेनवमीला दिलेली गाडी

१

गाडी परत केली आणि आपण सुटलो, असं आम्ही धरून चाललो होतो. दसरा उलटला, कंपनीचा शिपाई कागद घेऊन दारात आला, आणि माझा धाकटा भाऊ शांतवन तो वाचता वाचता उंबऱ्यावरच बसला.

"ताई, इंजिन जाम केलं म्हनत्यात मी," तो म्हणाला. "तीन हजार आठशे मागत्यात."

मी कागद त्याच्या हातातून हिसकावला. इंजिनाचे तीन हजार आठशे. त्याखाली मुदतीआधी करार मोडल्याचा आकार, तपासणी फी आणि शेडभाडं. शनिवारी दुपारपर्यंत भरले नाहीत तर जामीनदाराच्या घरावर टाच. आणि जामीनदार कोण? मी. लिडिया, मिशनच्या दवाखान्यातली नर्स. सावेडीत दोन खोल्या उभ्या करायला मला उभा जन्म लागला होता, आणि भावाला टॅक्सी घ्यायची म्हणून मी त्या आनंदानं लिहून दिल्या होत्या. नवरा नाही, पोर नाही. त्या खोल्या गेल्या तर शांतवन, त्याची बायको हन्ना आणि मी, तिघांनी राहायचं कुठं?

गाडी हप्त्याची होती. जुनी अँबॅसिडर, पण शांतवननं ती लेकरासारखी सांभाळली होती. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कंपनीची, आणि झेपेना तर तोवरचे हप्ते चुकते करून गाडी परत करायची, मग देणं संपलं, असं करारात स्वच्छ होतं. यंदा बहात्तर साल, दुष्काळाचं. माणसं घरदार सोडून खडी फोडायला निघालेली, टॅक्सीत बसणार कोण? त्यानं हप्ते चुकते केले, गाडी धुतली आणि खंडेनवमीच्या दिवशी कंपनीत नेऊन उभी केली. जाताना ती चालत गेली होती. मी स्वतः दारातून तिला वळताना पाहिली होती.

"पावती?" मी विचारलं.

"ऑफिस बंद करायच्या घाईत हुते. म्हनले, दसऱ्यानंतर देतो."

"आणि तू शहाण्यासारखा मान डोलावून आलास!"

त्या दिवसापासून तो बोलायचाच बंद झाला. तीन दिवसांनी हन्नानं मला आत बोलावून हळूच सांगितलं की पोहऱ्याची दोरी त्याच्या हाती लागू नये म्हणून तिनं उशीखाली ठेवलीय. विहिरीत बुडून मरायला तरी पाणी कुठं होतं? पण तिच्या तोंडाकडे बघून मी ते बोलले नाही. मी कपडे बदलले आणि निघाले.

२

कंपनीचे मॅनेजर गहिनीनाथराव मोठे गोड बोलत. मी गेले तेव्हा टेबलामागं टोपी घालून बसले होते. उकाड्यानं टोपी काढून डोकं पुसलं तर डोकं तुळतुळीत. मिशीही नव्हती.

"चुलते वारले," ते म्हणाले. "ऐन नवरात्रात सुतक. घरी घट बसला नाही, इथं खंडेनवमीची पूजासुद्धा केली नाही. एक फूल आणलं नाही बघा ऑफिसात. शिपायालासुद्धा सांगून टाकलं, यंदा काही नाही."

"वाईट झालं," मी म्हटलं. "आता आमच्या घरावर कसलं सुतक आणताय ते सांगा."

ते हसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

"सिस्टर, माझा काय दोष? तुमच्या भावानं गाडी बिनपाण्याची पळवली. रेडिएटर कोरडा ठाक. आमचा मेकॅनिक मच्छिंद्र, त्यानं सुट्टीनंतर बॉनेट उघडलं तर पिस्टन धरून बसलेले."

"गाडी तुमच्याकडं चालत आली. इथं कुणी चालवली नसेल कशावरून?"

"कोण चालवणार?" त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्यापुढं नाचवली. "ही तिजोरीची. गाडीची चावी तिजोरीत. शेडच्या कुलपाच्या दोन्ही चाव्यापण तिजोरीत. कुलूप नवं कोरं, त्याच दिवशी आणलेलं, शांतवनसमोर खोक्यातून काढून लावलं. खंडेनवमीला दुपारी लागलं ते दसरा झाल्यावर सुट्टी संपली तेव्हाच मी उघडलं. मधे त्या शेडमधे मुंगीसुद्धा शिरली नाही. लिहून देतो."

"द्या लिहून."

त्यांनी खरंच दिलं. वळणदार अक्षरात, सही ठोकून. मी ते पर्समधे टाकलं आणि म्हटलं, "आता हे शेडभाडं काय? गाडी तुमची, शेड तुमची, आणि भाडं आम्ही द्यायचं?"

"नियम आहे."

"करारात दाखवा."

"कंपनीची पद्धत आहे, सिस्टर."

मग मला गाडी दाखवायला ते शेडमधे घेऊन गेले. बिचारी धुळीनं माखून उभी होती. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून आत बोट फिरवून दाखवलं. मी वाकले तर पुढच्या जाळीत, अगदी आत, सुकलेल्या गवताची जुडी अडकलेली दिसली. पिवळट, केसांसारखी मऊ. चालत्या गाडीत गवत अडकायचंच, म्हणून मी सोडून दिलं. बाहेर आल्यावर मात्र ते मनात खुपायला लागलं. अख्ख्या जिल्ह्यात जनावरांना तोंडात धरायला काडी नव्हती. गवत आलं कुठून?

३

फाटकाशी राखणदार सहादेव बसला होता. मूळचा कोपरगावकडचा, बायकोपोरं तिकडंच, हा इथं पत्र्याच्या खोपटात एकटा. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. मी त्याच्याजवळ दगडावर बसले आणि तंबाखूची चंची काढली. मी खात नाही, पण पेशंटचे म्हातारे नातेवाईक बोलते करायला ती उपयोगी पडते.

"दादा, शांतूनं गाडी आणली तेव्हा तुम्हीच होता ना इथं?"

"व्हय की." त्यानं चिमूट घेतली. "आन् गाडी कन्हत हुती बाई. खडखड, खडखड. धूर बी."

हे पढवलेलं होतं, कळलंच. डोळे फाटकाकडे लावून शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं त्यानं. मी भांडले नाही.

"आणि गाडी दिसायला कशी होती? घाण, मळलेली?"

"छ्या छ्या! खोटं कशाला बोलू?" म्हातारा आता माझ्याकडे वळला. चेहरा उजळला. "सजवून आनली हुती की. पुढं झेंडूची माळ, ही एवढी. चाकांखाली लिंबं ठिवली, ती चिरडत गाडी हालली. जाळीत घटाचं धान खोवल्यालं. सनावाराची गाडी, ड्रायव्हर मानूस पूजा केल्याशिवाय राहील व्हय?"

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"काय झालं, बाई?"

"काही नाही, दादा. माळ छान होती?"

"लई झाक!"

मी उठले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. रस्त्यात माझी मीच मोठ्यानं बोलत होते, लोक बघत होते. शांतवन! आमचा शांतवन, दर रविवारी मिशनच्या देवळात पहिल्या बाकावर बसणारा! आमच्या आजोबांपासून घरात कुणी घट बसवला नाही. त्यानं झेंडू आणि लिंबं घेऊन खंडेनवमी साजरी केली? म्हाताऱ्याला वाटलं असेल शांतू म्हणजे कुणी शांताराम. सांगितलेलं खोटं म्हणून झाल्यावर त्यानं आपलं डोळ्यांनी बघितलेलं त्याला जोडून टाकलं होतं. गाडीची पूजा न करता कुणी सण घालवतं, हे त्याच्या डोक्यातच येईना.

घरी येऊन मी शांतवनला गदागदा हलवलं. "गाडीला फूल बांधलं होतंस?"

त्यानं मान हलवली. नाही.

"लिंबू?"

"ताई, आपन कधी बांधतो का?" इतक्या दिवसांत त्याचं ते पहिलं वाक्य.

आणि मग मला ते पिवळट गवत आठवलं. शेजारच्या राहीबाई दरवर्षी दसऱ्याला तसल्याचेच तुरे करून आणून देतात. देवघराच्या अंधारात वाढतं म्हणून पिवळं. मी कुंपणावरून हाक मारली.

"राहीबाई, घटातलं धान कधी उपटतात हो?"

"दसऱ्याला की!" त्या म्हणाल्या. "घट उठवल्याशिवाय हात लावत न्हाईत. नवमीला कुनी लावला तर घरातली म्हातारी हात तोडंल त्याचा. का वो?"

आमची गाडी खंडेनवमीलाच कुलपात गेली होती. धान दसऱ्याला निघतं. मुंगीसुद्धा शिरली नाही म्हणे!

४

कुणाचं होतं ते धान? गहिनीनाथरावांच्या घरी घटच बसला नव्हता. सहादेवचं घर कोपरगावाकडं, आणि त्याला सायकलसुद्धा चालवता येत नव्हती. ज्याच्या घरी घट बसतो, ज्याला गाडी चालवता येते आणि ज्यानं इंजिन जाम झाल्याचा दाखला दिला, असा एकच माणूस उरत होता, मच्छिंद्र. आणि त्याची बायको चांगुणा माझ्या हाताखाली बाळंत झाली होती. उन्हाळा संपता संपता. पोर पायाळू, मी रात्रभर तिच्यापाशी उभी होते.

मला बघून तिला आभाळ ठेंगणं झालं. "नर्सबाई! या, या. बगा की पोर कसं गुटगुटीत झालंय."

गुटगुटीत कसलं, हाडं दिसत होती. यंदा कुणाच्या अंगाला काय लागणार? मी पोराला मांडीवर घेतलं. मला माझीच लाज वाटत होती, पण शनिवार उद्यावर आला होता.

"आईनं नातू पाहिला का गं?"

"पाहिला की! बाळंतपनाला माहेरी न्हाई गेले, तिकडं प्यायला पानी नव्हतं. आई नुसती रडायची. मग दसऱ्याला ह्ये म्हनले, चल, मिरजगावला सीमोल्लंघन करू. आन् दारात मोटार! म्या घटाचं धान खोवलं, माळ बांधली, चाकांखाली लिंबं ठिवली. समोरच्या कंपनीच्या फाटकातनं म्हातारा राखनदार बी बगत हुता. तिकडं समदं गाव गोळा झालं. जावई मोटार घिऊन आला म्हनून आई नुसती मिरवत हुती."

"आणि येताना?"

तिचं तोंड उतरलं. तेवढ्यात दारात सावली पडली. मच्छिंद्र. मला आणि माझ्या मांडीवरच्या पोराला बघून तो जागच्या जागी थिजला. मग खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"बाई, मला ठाव हुतं तुमी येनार."

"मग बोल."

"रेडिएटर गळका हाय, ती गोष्ट शांतूभाऊला ठाव हुती, म्हनून तो कायम डबा भरून जवळ ठेवायचा. डबा गाडीतच हुता. पन परतीला रस्त्यात हिला चक्कर आली. अंगावर पाजती बाई, ओठ पार सुकलेले. रुईछत्तिशीच्या पुढं दोन विहिरी बघितल्या, तळाला चिखल. मग डब्यातलं पानी हिला पाजलं. वाटलं, नगर आता आलंच, गाडी काढंल तेवढं. न्हाई काढलं. मालट्रकला दोर बांधून वढत आनली."

"आणि पाप शांतवनच्या माथी मारलंस."

"व्हय."

माझा हात उठला आणि त्याच्या गालावर बसला. पोर दचकून रडायला लागलं. चांगुणा काहीच न कळून माझ्याकडे, त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं गालाला हातसुद्धा लावला नाही.

"माझं घर चाललंय, मच्छिंद्र! शांतवन जेवत नाही, बोलत नाही. हन्ना दोरी उशीखाली घेऊन झोपते!"

"ठाव हाय, बाई. स्टँडवर समदे बोलत्यात." तो रडायला लागला. चांगला दांडगा माणूस, नाकातून पाणी गळेपर्यंत रडला. "मी तरी कुटून आनू तीन हजार आठशे?"

"गाडी नेलीस कशी? चावी?"

त्यानं बाहीनं नाक पुसलं. मी परत विचारलं. तो जमिनीकडे बघून म्हणाला, "मीच नेली. माझी मीच."

मला तेवढं पुरे होतं. घर वाचणार या एका विचारापुढं मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

५

शनिवारी सकाळी मी मच्छिंद्रला आणि शांतवनला दोन बाजूंना घेऊन ऑफिसात शिरले. शांतवन यायला तयार नव्हता, हन्नानं आणि मी मिळून त्याला सदरा चढवला होता. सहादेवलाही मी फाटकावरून आत बोलावलं.

"सहादेवदादा, गाडीच्या जाळीत धान होतं ना?"

"व्हय. सांगितलं की."

"साहेब, तुमच्या घरी घट बसला?"

गहिनीनाथरावांच्या कपाळाला आठी पडली. "सांगितलंय मी. सुतक."

"इथं पूजा झाली?"

"नाही."

"माझा भाऊ ख्रिस्ती आहे. त्याच्या घरी धान उगवत नाही. आणि उगवलं असतं तरी दसऱ्याच्या आधी कुणी उपटत नाही. गाडी तुमच्याकडे नवमीला आली. चला, जाळीत अजून आहे ते, बघू. दसऱ्याला ही गाडी तुमच्या कुलपाबाहेर होती. बिनपाण्याची कुणी पळवली ते हा उभा आहे इथं. विचारा त्याला."

मच्छिंद्रनं मान खाली घातली. "मी नेली, साहेब."

सहादेवचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्याला आत्ता उमगलं असावं. गहिनीनाथराव मात्र क्षणभरच थांबले. मग त्यांनी टेबलावरून कोरा कागद पुढं ओढला.

"म्हणजे चोरी," ते म्हणाले. आवाज पुन्हा गोड. "सिस्टर, शाबास तुमची. आमचेच डोळे मिटलेले होते. मेकॅनिकची जात, गाडीची डुप्लिकेट चावी करायला वेळ लागतो का? आता असं करा, जामीनदार म्हणून तक्रार तुम्ही द्या. मच्छिंद्रनं गाडी चोरली, तुमच्यासमोर कबूल केलं. पुढं पोलीस बघतील. ही तुमची सही झाली की तुमचं घर मोकळं, आत्ताच्या आत्ता."

आणि त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

मी ते घेतलं. घेतलं, हे खरं आहे. मच्छिंद्रकडे मी बघितलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं माझ्या खोलीची भिंत होती, खिडकीचा गज, हन्ना लावते ती मोगऱ्याची कुंडी. खोटं तर नव्हतं ना लिहायचं? यानंच नेली होती. यानंच आम्हाला आठवडाभर नरकात ठेवलं होतं. मी कागदावर वाकले.

"ताई, थांब."

शांतवन. मी वळून बघितलं. त्याचा आवाज इतका बसला होता की कुणा दुसऱ्याचाच वाटला.

"साहेब, गाडीची डुप्लिकेट केली असंल, धरून चालू. शेडच्या कुलपाचं काय?"

"काय कुलपाचं?"

"कुलूप तुमी माझ्यापुढं खोक्यातून काढलं. कागूद तुमीच फाडला. दोन्ही किल्ल्या तुमी उचलल्या, आन् तिजोरीत टाकल्या. दुपारी कुलूप लागलं आन् दुसऱ्या दिशी सकाळी गाडी चांगुणाच्या दारात उभी. मधे एक रात. सनाची सुट्टी, कुलूपवाल्याचं दुकान बंद. मच्छिंद्रनं त्या कुलपाची किल्ली बघितली कधी, केली कधी? कुलूप तर मोडल्यालं न्हाई."

मी पर्स उघडली आणि गहिनीनाथरावांच्याच सहीचा कागद काढून टेबलावर ठेवला. गाडीची चावी तिजोरीत, कुलपाच्या चाव्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली कमरेला. आमच्यावर शेकवायला केलेली बढाई!

"तिजोरी उघडल्याशिवाय गाडी हलत न्हाई," शांतवन म्हणाला. "आन् तिजोरी तुमीच उघडता."

मच्छिंद्रचा बांध फुटला. "यांनीच दिली, बाई! सनाला, लग्नाला, परत आलेल्या गाड्या ह्ये भाड्यानं देत्यात. पुण्याच्या मालकांना पत्ता न्हाई. माझ्याकडून तीस रुपये घेतले. इंजिन गेलं तवा म्हनले, नाव काढलंस तर चोरीत घालीन. गप बसलास तर जामीनदार भरंल आन् तू सुटशील."

गहिनीनाथरावांची टोपी टेबलावर होती. ती उचलून त्यांनी डोक्यावर घातली, परत काढली.

६

त्यांनी मागितलं तसं पाणी शिपायानं आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, इंजिनाचं कलम मी काढतो."

"काढा."

त्यांनी रेघ मारली. "बाकीचे किरकोळ आकार आहेत, ते तेवढे भरून टाका. विषय मिटला."

मला इतका संताप आला की मी खुर्ची मागं ढकलून उभी राहिले. "किरकोळ? मुदतीआधी गाडी परत करायची मुभा करारात आहे, आकार नाही. तपासणी तुम्ही केली ती स्वतःचं पाप झाकायला. आणि शेडभाडं! ज्या दिवसाचं भाडं आमच्याकडून मागताय त्याच दिवशी तीच गाडी तीस रुपयांना फिरवलीत तुम्ही. लाज नाही वाटत? आत्ता पोस्टात जाते आणि पुण्याला फोन लावते."

त्यांनी एकेका ओळीवर रेघ ओढली. मग 'देणे काही नाही, जामीनदार मुक्त' असं लिहिलं, शिक्का मारला, माझ्या घराचे कागद कपाटातून काढून दिले. शिक्का आधी उलटा बसला, तो त्यांना परत मारावा लागला. मला त्याचा आनंद झाला, का खोटं बोलू?

"तुमच्या तोंडून हे बाहेर जाणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"मच्छिंद्रवर चोरीचा ब्र जरी निघाला ना, तर मी स्वतः पुण्याला जाऊन उभी राहीन. तुमची सही माझ्या पर्समधे आहे."

"चोरी नाही. पण नोकरीवर तो मला नको." मग मच्छिंद्रकडे न बघता ते म्हणाले, "सोमवारपासून येऊ नकोस."

बाहेर आलो. फाटकाशी सहादेव उभा होता. त्यानं मला हात जोडले आणि तोंड फिरवलं. चार पावलं गेले. मी रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, मोजणीच्या दगडावर बसले आणि रडले. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दुखण्याशी मी उभी राहिले, पण असं रडले नव्हते. शांतवन माझ्या शेजारी जमिनीवर बसला. मी कागद छातीशी धरले होते, ते तो हळूच सरळ करत होता, चुरगळू नयेत म्हणून.

"ताई, घर ऱ्हायलं," तो म्हणाला.

"राहिलं रे."

मच्छिंद्र थोडा लांब उभा होता. जाईना, जवळ येईना. घरी जाऊन चांगुणाला काय सांगायचं ते बहुधा जुळवत असावा. शांतवननं त्याला हाक मारली.

"ए मच्छिंद्र. केडगावच्या पुढं तलावाचं काम निघालंय. मी सोमवारी जानार हाय. तू येतो?"

"तुमच्यासंगं?" मच्छिंद्रला खरं वाटेना.

"दोघांची जोडी असली की मुकादम लवकर घेतो."

"शांतवन!" मी उसळून उठले. "या माणसानं तुला मरायला घातलं होतं! आपलं छप्पर काढून घ्यायला निघाला होता हा!"

"व्हय," शांतवन म्हणाला. "पन ताई, पानी त्यानं बायकोला पाजलं. इंजिनाला न्हाई. मी बी तेच केलं असतं."

मच्छिंद्र तोंडाला पटक्याचा बोळा लावून उभा होता. मी कागद पर्समधे घातले, पर्सची चेन ओढली आणि त्याला म्हटलं, "उभा काय राहिलास? चांगुणाला आणि पोराला घेऊन सावेडीला ये. रेशनची लाल ज्वारी आहे घरात. पोराला ताप-बीप आहे का बघते, आणि तू आधी हन्नाची माफी माग. तिनं दारात उभं केलं नाही तर मी मधे पडणार नाही."

तो गेला, जवळजवळ पळतच. आम्ही दोघं सावेडीच्या रस्त्याला लागलो. ऊन कडक होतं आणि टॅक्सीला पैसे नव्हते.